आठवड्याआडचं दुखणं

गाडी बिघडवून मेव्हण्याला काय काय मिळणार होतं, ते दादांनी बोटांवर मोजून पाहिलं. करंगळी म्हणजे गाडी: चौतीस वर्षांची, आकाशी रंगाची, दार लावलं की तिजोरीसारखा आवाज देणारी. दुसरं बोट आप्पांची मर्जी, जी दादांना सत्तावन्न वर्षांत पुरती मिळाली नव्हती आणि जावयाला चहाच्या एका कपावर मिळून गेली होती. तिसरं, चारचौघांत सांगायची गोष्ट, की मुलगा जिवंत असताना सासऱ्यांनी गाडी जावयाच्या हाती दिली. आणि चौथं, ऑफिसच्या कपड्यांत, घामाघूम होऊन पुलाच्या चढावर गाडी ढकलणारे दादा बघायला मिळणं. दादांच्या मते या चौथ्या बोटासाठी माणूस वाटेल ते करेल.

आणि त्यासाठी त्याला करायचं काय होतं? कार्बोरेटरच्या एका स्क्रूला अर्धा वळसा.

गाडी आप्पांची. आप्पा म्हणजे दादांचे वडील, वय ब्याऐंशी, मुक्काम दादांकडे. डोळे अधू झाल्यावर त्यांनी स्टिअरिंग सोडलं आणि गाडी दोन मुलांत वाटून दिली. एक आठवडा दादांकडे, एक आठवडा धाकटीकडे. धाकटी ही दादांची बहीण. ती आणि तिचा नवरा, म्हणजे हाच मेव्हणा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचे, दोन बस बदलून यावं लागे इतकं लांब. किल्ल्या दोन, एकेक दोन्ही घरांत. अदलाबदल रविवारी संध्याकाळी सहाला, दादांच्या दारात. येताना गाडी असली की जाताना बस, येताना बस असली की जाताना गाडी, असं करत धाकटी एकही रविवार चुकवत नसे. आली की पर्स ठेवायच्या आधी आप्पांचा पाय मांडीवर घ्यायची आणि नखं कापायला बसायची. आप्पांची नखं शिंगासारखी टणक आणि आत वळलेली. ती कापणं हे कसबाचं काम होतं, आणि ते घरात दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एका रविवारी आप्पा बशीतला चहा संपवून म्हणाले, "दोन धन्यांची गाडी कुणाचीच नसते. मी कागद एकाच्या नावावर करून टाकतो. ज्याच्या-जिच्या हातात ती सुखानं चालेल, त्याची. तीन महिने बघतो आणि सांगतो."

मेव्हणा हसला. दादा हसले नाहीत. मेव्हणा का हसला, यावर त्यांनी पुढचे दोन दिवस घालवले.

आणि लागलीच, दादांच्याच पुढच्या आठवड्यात, गाडीनं पहिली उचकी दिली. घरातून निघाली, कोपऱ्यावर वळली आणि फटफट करत बंद पडली. दादांनी ती मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, तेलानं काळी झालेली फरशी आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने. मिस्त्रीनं कार्बोरेटर उघडला, त्यातली पितळेची इवलीशी नळी, जिला तो जेट म्हणायचा, ती उजेडाकडे धरून एक डोळा मिटला, तोंडात धरून फुंकली आणि अंगठ्याच्या नखावर एक तपकिरी कण काढून दाखवला.

"हा बघा चोर. बाजरीपेक्षा बारीक, पण अख्ख्या इंजिनाला उपाशी ठेवतो."

"हा आत आला कुठून?"

"टाकीतून. गंज असेल, कचरा असेल. जुनी गाडी आहे, दादा, येतं काहीतरी."

'येतं' हा शब्द दादांना पटला नाही. त्यांच्या अनुभवात कुठलीही गोष्ट आपोआप येत नसे. कुणीतरी ती आणत असे. त्यांनी तो कण कागदाच्या पुडीत बांधून खिशात घातला. निघताना त्यांचं लक्ष मिस्त्रीच्या चष्म्याकडे गेलं. नवा होता. मेव्हण्याचं दुकान चष्म्यांचं, आणि मिस्त्री मेव्हण्याचा शाळेतला बाकमित्र. दादांनी ही नोंद पुडीशेजारीच ठेवली.

दादांचं काम समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. परीक्षा विभागाच्या गोपनीय कोठारात ते एकतीस वर्षं होते. प्रश्नपत्रिकांची पाकिटं बांधायची, फितीच्या गाठीवर लाख ओतायची, लाख निवायच्या आत शिक्का दाबायचा, आणि पाकिटं परत आली की ती उजेडासमोर धरून बघायची. पहिल्या पाचच वर्षांत त्यांनी एका पाकिटाच्या कोपऱ्यात सुईचं भोक पकडलं होतं. कुणी तिथून बारीक तार घालून आतला कागद गुंडाळत बाहेर काढायच्या खटपटीत होतं. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र त्यांच्या दिवाणखान्यात काचेत लावलेलं होतं, आणि ते पुसायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. तेव्हापासून भोक दिसलं की दादा थांबायचे.

त्या संध्याकाळी त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूचं पत्र्याचं छोटं दार उघडलं, टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

झाकणाच्या मधोमध भोक होतं. गोल, स्वच्छ, सुईनं पाडल्यासारखं.

दादांनी ते परत बसवलं. नंतर ते आत आले, पाणी प्यायले आणि बायकोला म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?"

"काय म्हणत नव्हता?" वहिनी म्हणाली. दादांची बायको ही साऱ्या नात्यागोत्याची वहिनी. ती भाजी चिरत होती.

"इंजेक्शनच्या सुईनं टाकीत काहीही सोडता येतं. कुलूप नको, किल्ली नको. चालता चालता टोचायचं आणि पुढं जायचं."

"गाडीला इंजेक्शन?"

"तू भाजी चिर."

लाख ऑफिसात पोतंभर होती, पण ऑफिसची लाख घरी आणणं दादांच्या नियमात बसत नव्हतं. त्यांनी ती बाजारातून विकत आणली. पेट्रोलशेजारी काडी ओढण्याइतके ते बेफिकीर नव्हते. स्वयंपाकघरात पळीत लाख वितळवली, झाकण ओट्यावर ठेवलं, भोकात थेंब सोडला आणि वर शर्टाच्या बटणाएवढी लाख ओतून आपला खासगी पितळी शिक्का दाबला. वहिनीची पळी त्या दिवसापासून लाल झाली ती झालीच.

आता एवढ्यावर साधा माणूस थांबला असता. दादांनी पुढचाही विचार केला. रविवारी गाडी मेव्हण्याकडे जायची. त्यानं शिक्का पाहिला तर तो सावध होणार, भोक सोडून दुसरी जागा धरणार. सापळा लावल्याचं सावजाला कळू द्यायचं नसतं. म्हणून गाडी द्यायच्या रविवारी साडेपाचला, ते दोघं यायच्या आधी, दादा टाचणीनं भोकातली लाख उकरून काढायचे, झाकण पुसायचे आणि हात धुवायचे. गाडी परत आली की सोमवारी सकाळी पुन्हा थेंब, पुन्हा शिक्का. मिस्त्रीकडे जातानाही हाच बंदोबस्त, कारण मिस्त्रीला कळणं म्हणजे मेव्हण्याला कळणं.

टाकी अशी बंदोबस्तात आल्यावर दुखणं थांबायला हवं होतं. ते सुरू झालं.

सोमवारी दादा निघाले. पहिली वीस-बावीस मिनिटं गाडी सुतासारखी. मग पेट्रोलचा पायडल दाबला तरी वेग येईना. मग झटके. पुलाचा चढ लागला तसा आरसा थरथरायला लागला, बॉनेट हलायला लागलं, गाडीनं दोन-तीन आचके दिले आणि चढाच्या मध्यावर जीव सोडला. चढाच्या मध्यावर, डाव्या हाताला, मेव्हण्याचं चष्म्याचं दुकान होतं.

अर्ध्या मिनिटात मेव्हणा बाहेर. बाह्या दुमडलेल्या.

"दादा, काय झालं? थांबा, मी मागून लावतो जोर."

"तुम्ही लगेच कसे आलात, पाहुणे?"

"दिसली ना गाडी काचेतून."

बाह्या इतक्या झटपट कोण दुमडतं? ज्याला ढकलायची वेळ येणार हे आधीच माहीत असतं तो. दादांनी हेही मनात टिपलं. पंधरा मिनिटं थांबल्यावर गाडी सुरू झाली, रडतखडत ऑफिसला पोचली. मंगळवारी तेच. बुधवारी तेच, त्याच चढावर, त्याच दुकानासमोर. तेवढ्या आठवड्यात त्या भागातली निम्मी दुकानं दादांना ओळखायला लागली. पानपट्टीवाला तर गाडी दिसली की आपणहून बाजूचा सायकलस्टँड सरकवायचा.

पुढचा आठवडा मेव्हण्याचा. गाडी एकदाही बंद पडली नाही. रविवारी गाडी परत देताना मेव्हणा म्हणाला, "लोण्यासारखी चालली हो. गुरुवारी धाकटीला घेऊन पार तलावापर्यंत जाऊन आलो."

त्यानंतरचा आठवडा दादांचा. सोमवार, पुलाचा चढ, आचके.

दादांनी गाडी मिस्त्रीकडे नेली. अर्थात आधी गल्लीच्या तोंडाशी थांबून, टाचणीचं काम उरकून. मिस्त्रीनं इंजिन सुरू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचा फेस लावला, कुठून हवा ओढतोय का बघायला. फेस जागचा हलला नाही. प्लग काढून त्यांचा रंग पाहिला. ठिणगी पाडणारे पॉइंट घासले. लांब पाना इंजिनाला आणि दुसरं टोक कानाला लावून त्यानं डोळे मिटले, अगदी डॉक्टरसारखे. मग स्वतः गाडीत बसून अर्धा तास फिरवून आणली.

"दादा, गाडीला काहीही झालेलं नाही."

"कालच बंद पडली. तुमच्या मित्राच्या दुकानासमोर."

"माझ्याकडे आली की शहाणी होते. आता तिला काय म्हणू मी?"

"तिला नका म्हणू," दादा म्हणाले. "ज्याला म्हणायचं त्याला मी वेळ आल्यावर म्हणीन."

मिस्त्रीनं चष्मा वर सरकवला आणि पुढच्या गाडीखाली सरकला.

टाकी बंद, म्हणजे करणी कार्बोरेटरमध्ये. दादांनी वहिनीची नेलपॉलिशची बाटली घेतली आणि कार्बोरेटरच्या प्रत्येक स्क्रूवर डोक्यापासून बाजूच्या धातूपर्यंत एक बारीक गुलाबी रेघ ओढली. स्क्रू केसभर जरी हलला तरी रेघ तुटणार.

"अहो, माझी बाटली कुठं गेली?"

"गाडीत आहे."

"तीस वर्षांत माझ्या बोटांना कधी हौसेनं काही आणलं नाहीत. गाडीचं नशीब थोर."

"खुणेला लावलंय."

"मी एक बोलू? मेव्हण्यांच्या आठवड्यात चालते, मिस्त्रींच्या हातात चालते, तुमच्याच आठवड्यात बिघडते. तर तुम्हीच काही करत असाल."

"मी काय करणार? मी तर फक्त राखण करतोय."

गाडी मेव्हण्याकडे जाऊन परत आली. दादांनी भिंग लावून बॉनेटखाली तासभर घालवला. एकही रेघ तुटलेली नव्हती. दुसऱ्या कुणाचा संशय इथं फिटला असता; दादांचा बळावला. खुणा ओळखून, त्या न मोडता काम करणारा माणूस म्हणजे किती मुरलेला असला पाहिजे. आणि दुकानात दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक स्क्रू फिरवण्याचंच काम कोण करतो, हेही काही सांगायला नको होतं.

पेट्रोल भरायला गेल्यावर झाकण उघडलं की 'फुस्स' असा लांब आवाज यायचा. पंपावरचा माणूस एकदा म्हणाला, "तुमची टाकी उसासे टाकते की हो." दादांना त्या आवाजानं बरं वाटायचं. एकतीस वर्षांच्या हातानं बसवलेलं सील होतं ते. हवासुद्धा आत गेली नव्हती.

एका रविवारी धाकटी आप्पांच्या पायाशी बसली होती. नखं कापता कापता तिची नजर दादांच्या हाताकडे गेली.

"दादा, नखात लाल काय रे?"

"लाख आहे. ऑफिसातली."

"रविवारी?"

"निघत नाही लवकर."

"आण इकडे." तिनं त्यांचा हात ओढून घेतला, कोरणीनं लाख काढली आणि जाता जाता त्या बोटाचं नखही कापून टाकलं. "लहानपणी शाईनं बरबटलेला असायचास. आता लाखेनं. कधी मोठा होणार तू?" आप्पा खुसखुसून हसले. दादाही हसले, पण मेव्हणा त्यांच्या नखाकडे जरा जास्तच वेळ बघत होता असं त्यांना वाटलं.

तीन महिने संपायला आठवडा उरला तेव्हा दादांनी ठरवलं, आता पुरे. आप्पांच्या डोळ्यांचा नंबर तपासायचा होता आणि तो मेव्हण्याच्या दुकानातच तपासला जायचा. दादांनी शनिवार ठरवला; आठवडा त्यांचाच होता. धाकटीला दुकानात यायला सांगितलं. मिस्त्रीलाही सांगितलं, सकाळी अकराला चष्म्याच्या दुकानात या, गाडीचं काम आहे. गाडी बंद पडणार, ती तिथंच पडणार, आणि त्या वेळी दोघंही भागीदार आप्पांसमोर उभे असणार. शिक्का यावेळी उकरायचा नाही. शिक्का हाच तर साक्षीदार.

शनिवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. एकविसाव्या मिनिटाला वेग मंदावला. आप्पा शेजारी बसले होते, झटके सुरू झाले तसं त्यांनी डॅशबोर्डला हात टेकला आणि म्हणाले, "अरे, हिला धाप लागलीय."

"बघा तुम्ही," दादा म्हणाले. गाडी अशी चोख बंद पडल्याचा आनंद त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

दुकानासमोर गाडी थांबली. मेव्हणा बाह्या दुमडत आला, मागोमाग धाकटी, आणि दाराशी मिस्त्री. दादा खाली उतरले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर तारखा होत्या.

"आप्पा, हे तुमच्यासमोर बोलायचं म्हणून थांबलो होतो. सात आठवडे गाडी माझ्याकडे होती. सातही आठवडे ती बंद पडली, आणि पहिली खेप सोडली तर दर वेळी इथं, याच दारासमोर. पाहुण्यांच्या सहा आठवड्यांत एकदाही नाही. याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा."

"दादा, म्हणजे?" मेव्हणा म्हणाला.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक. पहिल्यांदा टाकीत कचरा टाकलात. पुडी आहे माझ्याजवळ. ते भोक मी बुजवलं, वर माझा शिक्का मारला, तो शाबूत आहे. टाकीत काही गेलेलं नाही. मग उरला कार्बोरेटर. आणि कार्बोरेटरला हात लावणारा माणूस एकच." त्यांनी मिस्त्रीकडे बघितलं. "ज्याच्या नाकावर तुमचा चष्मा आहे."

मिस्त्रीनं नकळत चष्म्याला हात लावला.  

मग मिस्त्री म्हणाला, "कुठलं भोक?"

"टाकीच्या झाकणाचं."

"ते तुम्ही बुजवलं?"

"एकतीस वर्षं तेच करतोय."

मिस्त्रीनं आधी बॉनेट उघडलं. कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी सोडवली आणि धाकटीला किल्ली फिरवायला सांगितली. इंजिन गरगरलं, नळीतून थेंबही आला नाही. "बघितलंत? टाकी भरलेली, पंप चालू, आणि कार्बोरेटर कोरडा." त्यानं नळी परत लावली, हात पुसत मागं गेला, पत्र्याचं दार उघडलं. झाकणावर लाल बटण चमकत होतं. त्यानं झाकण धरलं आणि फिरवलं.

टाकीनं एवढा लांब श्वास आत ओढला की पानपट्टीवाल्यानंही मान वळवली.

"आता लावा गाडी."

धाकटीनं किल्ली फिरवली. इंजिन थोडं गरगरलं, खोकलं आणि लागलं. लागलं ते असं की आप्पांनी डॅशबोर्डवरचा हात काढून घेतला.

"दादा," मिस्त्री म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "ते भोक कारखान्यातच पाडतात. जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला नको? बाटली तोंडाला लावून नुसती ओढत राहिलं तर पाणी येतं का? बाटली चेपते. तसं झालं हे. वीस मिनिटं पंप ओढतो, मग दमतो. पंधरा मिनिटं उभी केली की फटीफटीतून थोडी हवा शिरते, परत लागते. पहिला कण गंजाचाच होता. तो काढल्यावर गाडीला दुसरं काहीही झालेलं नव्हतं."

मेव्हण्यानं झाकण हातात घेतलं. सवयीनं वरच्या खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि शिक्का वाचला. मग भिंग खाली केलं. तो हसायला लागला. "चांगलंय. म्हणजे इतके दिवस आम्ही सगळे..." आणि तो मध्येच थांबला, कारण मिस्त्रीनं तेवढ्यात, अगदी सरळ मनानं, कोडं सुटत नसलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं विचारलं:

"पण एक कळत नाही. भोक बुजलेलं होतं तर यांच्या आठवड्यात गाडी चालायची कशी? माझ्याकडे चालायची कशी?"

दादांनी कागदाची घडी घातली. ती आधीच घातलेली होती. त्यांनी अजून एक घातली.

"रविवारी," ते म्हणाले, "तुम्ही यायच्या आधी मी ते उकरायचो."

"का?" मिस्त्रीनं विचारलं.

तोवर मिस्त्री सोडून सगळ्यांना उत्तर कळलं होतं. धाकटी गाडीतून उतरली. तिनं आपल्या भावाच्या बोटांकडे बघितलं.

"ती लाख," ती म्हणाली. "मी तुझं नख कापलं त्या दिवशी."

"हो."

"आणि वर आम्हाला चहा दिलास."

आप्पा गाडीतच बसून होते. ते एवढंच म्हणाले, "राखण करता करता घरच्यांचाच गळा आवळलास की रे." मग त्यांनी मुलाला आणि जावयाला जवळ बोलावलं, कारण त्यांना निकाल द्यायचा होता. पण मेव्हण्यानं तो देऊ दिला नाही. त्यानं खिशातून आपली किल्ली काढली आणि आप्पांच्या तळहातावर ठेवली.

"गाडी दादांच्या नावावर करा, आप्पा. रागानं नाही सांगत. माझ्या आठवड्यात ती नीट चालते म्हणून मी आपला मनात फुगायचो, आपला हात हलका आहे म्हणून. तर ते तसं नव्हतं. आणि आता मी ती चालवायला लागलो, की दर रविवारी मला वाटणार, आज कुठली खूण केली असेल. एवढं डोक्यात ठेवून गाडी चालवता येत नाही."

मग त्यानं बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि आप्पांना आत नेऊन त्यांच्या डोळ्यांचा नंबर तपासला. नंबर वाढलेला होता.

कागद महिन्याभरात दादांच्या नावावर झाले. झाकणाचं भोक मोकळं आहे, गुलाबी रेघा अजून शाबूत आहेत, आणि पुलाच्या चढावर गाडी सुतासारखी चढते. दुकानासमोरून जाताना दादा काचेकडे बघत नाहीत. पानपट्टीवाला अजून सवयीनं सायकलस्टँडला हात लावतो आणि सोडून देतो.

अदलाबदल संपली तसं रविवारचं कारणही संपलं. पहिले दोन रविवार धाकटी बसनं आली, बसनं गेली. मग गुडघ्याचं निमित्त झालं, मग दुकानाचं. दादांनी फोन केला, "मी गाडी घेऊन येतो ना तुला न्यायला."

"नको रे," ती म्हणाली. "मी बसले की सीटला सुरकुती पडेल. मग तू ती कुणी पाडली ते शोधत बसशील."

ती हसत बोलली होती. दादांनी तरीही दोनदा गाडी काढली आणि दोनदा अर्ध्या वाटेवरून परत आणली.

तर मेव्हण्याला त्या चार बोटांपैकी करंगळी काही मिळाली नाही, आणि दुकान सोडून ढकलायला धावण्याचं कामही वाचलं. मिस्त्रीला एक गिऱ्हाईक कमी झालं. दादा आता दुसरीकडे जातात, तोंड दाखवायला नको म्हणून. वहिनीची पळी गेली. दादांना गाडी मिळाली, बावन्नच्या बावन्न आठवडे.

बाकी जे होतं ते आप्पांच्या वाट्याला आलं. वहिनीनं एकदा त्यांची नखं कापून बघितली, अंगठ्याला रक्त आलं. तेव्हापासून ते कुणाला पाय देत नाहीत. रविवारी सहाला ते पायमोजे काढून दाराकडे तोंड करून बसतात. साडेसातला उठतात आणि मोजे परत चढवतात. अंगठ्याच्या नखानं डाव्या मोज्याला भोक पडलंय. दादांनी ते पाहिलंय.